काचेतील तळे

वर्धा नदीच्या काठी वसलेले बल्लारपूर हे गाव फार जुने आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याने येथे किल्ला बांधला. त्या किल्ल्याचे अवशेष आजही नदीकाठी उभे आहेत. पुढे कागदाची गिरणी, कोळशाच्या खाणी आणि उत्तम सागवान यांमुळे या गावाचे नाव दूरवर पोहोचले. गावाच्या भोवती चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा विस्तीर्ण वनप्रदेश आहे. पावसाळा आला, की या मुलखात जिकडेतिकडे पाणी साचते. धानाच्या बांध्या भरतात, मामा तलाव तुडुंब होतात. परसात टाकून दिलेले डबे, फुटके माठ आणि वापरात नसलेल्या विहिरी यांतही पाणी राहते. पाण्यामागून डास येतात आणि डासांमागून हिवताप येतो. या भागातील लोकांना ही व्याधी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

हिवताप दूषित हवेमुळे होतो, असे पूर्वी लोक मानीत असत. बल्लारशाहहून दक्षिणेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरून ज्या सिकंदराबादेस जाता येते, त्याच सिकंदराबादेत १८९७ साली, ऑगस्ट महिन्याच्या २० तारखेस, रोनाल्ड रॉस या डॉक्टरांनी एका ॲनॉफिलिस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. हा रोग डासांमुळे पसरतो, हे त्यांच्या संशोधनाने सिद्ध झाले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डास हाच रोगाचा वाहक आहे, हे कळल्यावर त्याला आवर कसा घालावा, याचा विचार सुरू झाला. डासाची मादी पाण्यात अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या काही दिवस पाण्यातच वाढतात. या अळ्या खाणारे मासे पाण्यात असतील, तर डासांची पैदास तेथेच खुंटते. याच हेतूने १९२८ साली गंबुशिया नावाचे लहान मासे इटलीतून भारतात आणण्यात आले. त्यांचाच एक चुलतभाऊ म्हणजे गप्पी मासा. महाराष्ट्रातील अनेक आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पी माशांचे हौद असतात. तेथील मासे वापरात नसलेल्या विहिरींत व पाण्याच्या टाक्यांत सोडले जातात.

गप्पीचे मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि त्रिनिदाद बेटावर आहे. विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ साली या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर काही वर्षांनी त्रिनिदादचे रहिवासी रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी यांनी हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठविले. पीटर्सचे वर्णन आधीचे असले, तरी लोकांच्या तोंडी मात्र गप्पी हेच नाव राहिले.

नर गप्पी जेमतेम तीन सेंटिमीटर लांब असतो; परंतु त्याची शेपटी रंगीबेरंगी, जणू लहानसा पंखाच. मादी नरापेक्षा मोठी, पण फिकट रंगाची असते. गप्पीचे तोंड किंचित वर वळलेले असते. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागाशी लोंबणाऱ्या डासांच्या अळ्या त्यास सहज टिपता येतात.

या माशाचा सर्वांत मोठा विशेष मात्र निराळाच आहे. बहुतेक मासे अंडी घालतात. रोहू, कटला यांसारखे मासे तर लक्षावधी अंडी पाण्यात सोडून देतात. गप्पीची मादी अंडी बाहेर घालीत नाही. अंडी तिच्या पोटातच राहतात व तेथेच वाढतात. प्रत्येक गर्भाला त्याच्या अंड्यातील बलकाची शिदोरी मिळालेली असते. सुमारे चार आठवड्यांनी पूर्ण वाढलेली, पोहू शकणारी जिवंत पिले जन्मास येतात. अशा प्राण्यांना अंडजरायुज म्हणतात. मॉली, प्लॅटी आणि तलवारीसारखी शेपटी असलेला स्वोर्डटेल हे मासेही याच प्रकारचे आहेत. ज्याला माशांचे जीवन जवळून पाहावयाचे आहे, त्याच्यासाठी गप्पीइतका सोयीचा मासा दुसरा क्वचितच मिळेल.

म्हणून पुष्कळ मुले मत्स्यपालनाचा प्रारंभ गप्पीपासूनच करतात. परंतु पहिल्याच खेपेस अनेकांची निराशा होते. समजा, बल्लारपूरच्या एखाद्या मुलाने हौसेने काचेची पेटी आणली. तिच्यात नळाचे ताजे पाणी भरले, तळाशी धुतलेली वाळू पसरली आणि त्याच सायंकाळी पंधरा-वीस गप्पी सोडले. मासे भुकेले राहू नयेत म्हणून दिवसातून चार वेळा मूठमूठ खाद्य टाकले. पहिले दोन दिवस मासे उत्साहाने फिरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. आठवडा उलटतो न उलटतो, तोच एकामागून एक मासा तळाशी निपचित पडलेला आढळतो. मुलगा रडवेला होऊन वडिलांना विचारतो, “बाबा, पाणी तर अगदी स्वच्छ दिसते आहे, मग मासे का मेले?”

प्रश्न मोठा मार्मिक आहे. पाणी स्वच्छ दिसत होते, हे खरे. पण माशांना राहण्यासारखे ते झाले नव्हते. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण नळाच्या पाण्यात असते. रोगजंतू मरावेत म्हणून नगरपालिका पिण्याच्या पाण्यात क्लोरीन मिसळते. माणसाला त्या अल्प प्रमाणापासून अपाय होत नाही. माशांच्या नाजूक कल्ल्यांना मात्र ते जाळते. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक-दोन दिवस उघडे ठेवले, म्हणजे त्यातील क्लोरीन हवेत निघून जातो. ते मधूनमधून ढवळले, तर हे काम अधिक लवकर होते. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन टाकलेला नसेल, तर ही अडचण येत नाही. वर्धेपलीकडे राजुरा, कोरपना या बाजूस चुनखडीचे साठे आहेत. चुनखडीतून आलेले पाणी जड असते. साबणाला फेस न येणारे हे पाणी गृहिणीला आवडत नाही. पण गप्पी, मॉली यांसारख्या माशांना ते चांगले मानवते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. मासा श्वास घेतो, अन्न खातो आणि मलमूत्र टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया नावाचा पदार्थ सतत पाण्यात उतरतो. न खाल्लेले अन्न कुजले, की त्यातूनही अमोनिया निर्माण होतो. हा पदार्थ डोळ्यांना दिसत नाही. परंतु माशांना तो विषासमान असतो. मग नदीतील किंवा तलावातील मासे कसे जगतात? तेथे पाणी पुष्कळ व मासे त्या मानाने थोडे असतात. शिवाय तेथील चिखलात, दगडांवर व वनस्पतींवर असंख्य सूक्ष्म जीवाणू वस्ती करून असतात. त्यांतील एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटही विषारीच, पण दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्रेट बनवितात. नायट्रेट पुष्कळच निरुपद्रवी असून पाणवनस्पती ते अन्न म्हणून शोषून घेतात. या जीवाणूंचे कार्य सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उलगडून दाखविले. शेतातील मातीतही हेच काम अखंड चालू असते.

नव्या पेटीत हे सूक्ष्म सफाई कामगार जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती वाढण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पुष्कळ मासे सोडले, तर विष साचत जाते आणि ते दूर करणारे कोणीच नसते. एखाद्या जुन्या पेटीचे पाणी किंचित पिवळसर दिसते, दगडांवर शेवाळाचा थर असतो, आणि तरीही तिच्यातील मासे टवटवीत असतात. त्याचे रहस्य हेच आहे. जुनी पेटी वसलेली असते. नवी पेटी वसवावी लागते.

ती वसवावी कशी? पेटी लहान असू नये. साठ सेंटिमीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर उंच अशा पेटीचे घनफळ चोपन्न लिटर होते. वाळू व वरची मोकळी जागा वगळली, तर तिच्यात सुमारे पंचेचाळीस लिटर पाणी राहते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. त्यावर काच व वाळू यांचे वजन पडते. म्हणून पेटीखालचे मेज भक्कम व सपाट हवे. पेटीवर थेट ऊन पडू नये. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ फोफावते. तळाशी स्वच्छ धुतलेली बारीक खडी पसरावी. साबणाचा स्पर्श कोठेही होऊ देऊ नये. नंतर मुरवलेले पाणी भरून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या पाणवनस्पती लावाव्यात. हवेचा छोटा पंप व गाळणी बसविली तर उत्तम. कारण गाळणीतील स्पंजावर जीवाणूंना राहण्यास भरपूर जागा मिळते.

पहिले काही आठवडे पेटीत मासे नसले तरी चालते. रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ते कुजून जो अमोनिया होतो, त्यावर जीवाणू पोसले जातात. ज्याच्याकडे निरोगी मासे असलेली जुनी पेटी आहे, अशा मित्राकडून तिच्या तळाची मूठभर खडी मिळाली, तर जणू दह्याचे विरजणच मिळाले! विरजणाने जसे दूध लवकर लागते, तशी त्या खडीवरील जीवाणूंमुळे नवी पेटी लवकर वसते. त्यानंतर एक नर व दोन-तीन माद्या एवढेच मासे प्रथम सोडावेत. मासे आणलेली पिशवी लगेच उपडी करू नये. ती अर्धा तास पेटीतील पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हींकडील पाण्याचे तापमान सारखे होते. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य एका वेळी द्यावे. आठवड्यातून एकदा नळीने पाव हिस्सा पाणी काढून तितकेच मुरवलेले पाणी घालावे. सर्व पाणी एकदम बदलून खडी खसखसून धुणारा मनुष्य पेटी स्वच्छ करीत नाही; वसलेले गाव तो उठवून लावतो. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर खाद्य थांबवून पाव हिस्सा पाणी त्वरित बदलावे.

एवढी काळजी घेतली, म्हणजे एके दिवशी मादीचे पोट फुगलेले दिसते. पोटाच्या मागील बाजूस असलेला काळसर डाग दिवसेंदिवस गडद होत जातो. मग एखाद्या पहाटे पाणवनस्पतींच्या दाटीत डोळे आणि शेपटी एवढीच काय ती दिसणारी इवली पिले आढळतात. जन्मतः त्यांची लांबी सहा-सात मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी असते. एका वेळी दहा-वीस, कधी पन्नासाहूनही अधिक पिले होतात. जन्मल्यावर ती प्रथम तळाशी जातात आणि थोड्याच वेळात आडोसा शोधू लागतात.

आडोसा शोधण्याचे कारण करुण आहे. गप्पीची आई पिलांना सांभाळीत नाही. समोर हलणारी बारीक वस्तू अन्न आहे, एवढेच तिला कळते. म्हणून स्वतःची पिलेही ती गिळून टाकते. यात क्रूरता शोधू नये. पिलांची जोपासना करण्याची प्रेरणा निसर्गाने तिला दिलेलीच नाही. ज्या डोळ्याने ती डासाची अळी टिपते, त्याच डोळ्याने ती पिलाकडे पाहते. अशा वेळी पिलांचे रक्षण करणे हे पाळणाऱ्याचे काम ठरते. हायड्रिलाची दाट जाळी असली, तर बरीच पिले तिच्यात लपून वाचतात. अधिक पिले वाचवावयाची असल्यास ती कपाने अलगद उचलून निराळ्या भांड्यात ठेवावीत. त्या भांड्यात मात्र जुन्या पेटीतलेच पाणी घालावे. नव्या पाण्याची चूक येथे पुन्हा करू नये.

पिलांची तोंडे फार लहान असतात. कोरडे खाद्य बोटांनी चुरून अगदी पिठासारखे करावे व दिवसातून तीन-चार वेळा किंचित किंचित द्यावे. उकडलेल्या अंड्याचा बलक पातळ फडक्यातून गाळून दिला, तर तोही त्यांस चालतो. परंतु तो पाणी लवकर नासवतो, म्हणून सुईच्या टोकावर राहील एवढाच द्यावा. पाणी थोडे थोडे पण वरचेवर बदलावे. महिनाभरात नर व मादी ओळखू येऊ लागतात. दोन-तीन महिन्यांत ही पिलेच आईबाप होण्याजोगी होतात. शिवाय मादीची नराशी एकदा गाठ पडली, की पुढे अनेक महिने, नर जवळ नसतानाही, तिला पिले होऊ शकतात.

बल्लारपूरच्या हवामानात आणखी एक काळजी घ्यावी लागते. गप्पीला २२ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. पाणी जसजसे तापते, तसतसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. म्हणून उन्हाळ्यात पेटी घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावी, काचेवर बाहेरून ओले फडके लावावे, पंप चालू ठेवावा आणि खाद्य कमी करावे. बाष्पीभवनाने पातळी उतरली, तर मुरवलेले पाणी घालून ती भरून काढावी. हिवाळ्याच्या कडक थंडीत रात्री पेटीभोवती जाड कापड गुंडाळावे.

गप्पी वाढू लागले, की थोड्याच दिवसांत पेटी अपुरी पडते. मग मनात सहज येते, “वर्धा नदी जवळच आहे. तेथे सोडले, तर मासे सुखाने राहतील.” हा विचार दयाळूपणाचा वाटतो, परंतु त्याचा परिणाम दयाळू नसतो. गप्पी आणि गंबुशिया हे परदेशी मासे आहेत. ते झपाट्याने वाढतात व स्थानिक माशांची अंडी, पिले आणि खाद्य फस्त करतात. ज्या गंबुशियाला डासांचा शत्रू म्हणून देशोदेशी नेण्यात आले, त्याचे नाव आज निसर्गाला अत्यंत उपद्रवी ठरलेल्या शंभर परकीय जीवांच्या जागतिक यादीत आहे. बल्लारपूरजवळून वाहणारी वर्धा पुढे वैनगंगेला मिळते. दोघींची प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. बल्लारपूरच्या घाटावर सोडलेल्या माशांची संतती कोठवर जाईल, याचा नेम नाही. या नद्यांतील व तलावांतील माशांवर ढीवर बांधवांची कितीतरी कुटुंबे उपजीविका करतात. त्यांचे नुकसान आपल्या हातून होऊ नये.

म्हणून वाढलेले गप्पी मित्रांना द्यावेत, शाळेच्या मत्स्यपेटीत ठेवावेत किंवा आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांकडे सोपवावेत. कोणत्या बंदिस्त पाण्यात ते सोडावेत, हे त्या कर्मचाऱ्यांनी ठरवावे. पेटीच पुरेनाशी झाली, तर नर व माद्या वेगवेगळ्या ठेवाव्यात.

काचेच्या पेटीतील तळे लहान असले, तरी त्याचे नियम वर्धेच्या पाण्याचेच असतात. नदीत जे काम निसर्ग करतो, त्याचा काही भार पेटीत पाळणाऱ्याला उचलावा लागतो. ज्या मुलाचे पहिले मासे घाईमुळे मेले, तो दुसऱ्या वेळी महिनाभर रिकाम्या पेटीपुढे बसून वाट पाहतो. तिसऱ्या महिन्यात हायड्रिलाच्या आड त्याला दोन इवले डोळे दिसतात. त्या वेळी तो पेटीवर टकटक करीत नाही, ओरडत नाही. श्वास रोखून नुसता पाहत राहतो.

शब्दार्थ

वाहक – वाहून नेणारा. तुडुंब – काठोकाठ. बलक – अंड्यातील पिवळा भाग. शिदोरी – प्रवासासाठी बरोबर घेतलेले अन्न. मार्मिक – नेमक्या वर्मावर बोट ठेवणारा. मुरवलेले पाणी – उघडे ठेवून निवू दिलेले पाणी. अंडजरायुज – पोटातच अंडी उबवून जिवंत पिले देणारे. उपजीविका – पोट भरण्याचे साधन.

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रोनाल्ड रॉस यांनी कोणता शोध लावला?
(आ) गप्पीचे तोंड वर वळलेले असल्याचा त्यास कोणता उपयोग होतो?
(इ) नळाचे पाणी पेटीत भरण्यापूर्वी उघडे का ठेवावे?

२. कारणे द्या.
(अ) नव्या पेटीतील स्वच्छ पाण्यातही मासे मरतात.
(आ) जुन्या पेटीतील मूठभर खडीला विरजणाची उपमा दिली आहे.
(इ) पाळलेले गप्पी नदीत सोडू नयेत.

३. गणित करा. एका पेटीची लांबी ७५ सेंटिमीटर, रुंदी ३० सेंटिमीटर व उंची ४० सेंटिमीटर आहे. तिच्यात काठोकाठ किती लिटर पाणी मावेल? त्या पाण्याचे वजन किती होईल?

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : निपचित पडणे, आवर घालणे, फस्त करणे, श्वास रोखणे.

५. विचार करा व लिहा. ‘मासे नदीत सोडणे ही दया आहे’ असे म्हणणाऱ्या मित्राला तुम्ही काय सांगाल? आठ-दहा ओळींत लिहा.

६. उपक्रम. पावसाळ्यात आपल्या घराभोवती कोठे कोठे पाणी साचते, ते पाहा. त्यात डासांच्या अळ्या आहेत काय, याची मोठ्या माणसांसमवेत नोंद करा आणि ते पाणी काढून टाका.